करार संपलाय, भाडं तुकड्यातुकड्यांनी येतंय, पण माणसं चांगली आहेत. काय करावं?

वाईची_शिक्षिका

नमस्कार. मी वाईला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लेक पुण्यात शिकायला गेली तर सोय होईल म्हणून २०१४ मध्ये आम्ही कर्ज काढून धायरीत वन बीएचके घेतला. लेक बंगळुरूला गेली आणि फ्लॅट भाड्यानेच राहिला. हप्ते अजून चालू आहेत.

सध्या एक कुटुंब राहतंय. नवरा, बायको, मुलगा. भाडं १४,५००, डिपॉझिट ४५,०००. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार सप्टेंबरअखेर संपला. नवीन करार करू म्हटलं की "दिवाळी होऊ द्या मॅडम" असं उत्तर येत होतं. आता दिवाळीही झाली. त्यांच्या कंपनीत पगार लांबतोय हे खरं आहे. त्यामुळे पाच तारखेला आठ हजार येतात, वीसच्या पुढे कधी चार, कधी तीन. १७,५०० रुपये थकले आहेत. विजेचं बिलही दोन महिन्यांचं राहिलंय, आणि मीटर माझ्या नावावर आहे.

गेल्या रविवारी मी स्वतः जाऊन आले. घर इतकं नीट ठेवलंय की मलाच बरं वाटलं. ओट्यावर एक डाग नाही. हॉलमध्ये खिडकीपाशी मुलाचं टेबल, भिंतीवर भूमितीच्या प्रमेयांचे कागद चिकटवलेले. पोरगा यंदा दहावीला आहे. ताई चहा देताना म्हणाल्या, "परीक्षा होईपर्यंत तेवढं सांभाळून घ्या." ऐन दहावीच्या वर्षात एखाद्या मुलाला घर बदलायला लावायचं, हे माझ्यातल्या शिक्षिकेला पटत नाही. पण माझाही हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला कापला जातो आणि बँक दिवाळी पाहत नाही.

त्यात सोसायटीने पत्र पाठवलंय: नवीन कराराची प्रत द्या, आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावतात ते) म्हणून महिना हजार रुपये भरा. मेंटेनन्स २,६०० आहे, तो मीच भरते.

काल रात्री आम्ही दोघं हिशेबाला बसलो. वर्षाचं भाडं १,७४,०००. त्यातून मेंटेनन्सचे ३१,२००, महापालिकेचा कर साधारण ९,०००, भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा जातो ते १४,५००, आणि रंग, नळ, बाथरूमची गळती मिळून १८,००० धरले. हाती राहतात लाखभर. आज त्या फ्लॅटला ४५ लाख येतील असं एजंट सांगतो. म्हणजे सव्वादोन टक्के. यजमान म्हणतात, विकून मोकळे होऊ. माझं मन तयार नाही.

या कुटुंबाला परीक्षेपर्यंत राहू देऊन माझी बाजू सुरक्षित कशी ठेवता येईल? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

नऱ्हे_कोथरूड

ताई, माझे दोन फ्लॅट आहेत आणि एका प्रकरणात मी सक्षम प्राधिकाऱ्यापर्यंत (मुदत संपलेलं घर परत मिळवायचे अर्ज ऐकणारा सरकारी अधिकारी) जाऊन आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा करार नोंदणीकृत होता, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं, याबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी करून घर देणारे मालक मी अजून पाहतो आणि खरंच वाईट वाटतं.

लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे तुमच्यासारख्या ठरावीक महिन्यांच्या कराराची, मुदत संपल्यावर माणूस घर सोडत नसेल तर याच कायद्याच्या कलम २४ खाली त्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करार हाच तिथे निर्णायक पुरावा. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाईचा आदेश होऊ शकतो. समोरच्याला बचाव करायचा असेल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी मागावी लागते. दिवाणी दाव्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ सुटसुटीत आहे, तरी वकील, तारखा आणि वाई-पुणे फेऱ्या आल्याच. तुमच्या बाबतीत ती वेळ येऊ नये.

म्हणून माझं स्पष्ट मत: त्यांना राहू द्या, पण बिनकराराचा एकही महिना आता पुढे जाऊ देऊ नका. १५ एप्रिलपर्यंतचा छोटा करार करा. अकराच महिन्यांचा करावा असं काही नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या रकमेच्या पाव टक्का. तुमच्यासाठी ते दोनशेच्या आसपास येईल. पुणे शहरात नोंदणी फी १,०००. वर ऑनलाइन नोंदणीचा किरकोळ खर्च आणि एजंटचे पैसे. एजंट घरी येऊन अंगठा आणि फोटो घेतो, दोघांनी एकाच ठिकाणी हजर असावं लागत नाही.

करारात थकबाकीचा आकडा लिहा, ती कोणत्या तारखांना फिटणार तेही लिहा. मुदतीनंतर राहिल्यास रोजचा दर किती, हेही घाला. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची असते, तीही नव्याने भरून टाका.

आणि महावितरणच्या खात्यावर मोबाइल नंबर तुमचा आहे का, आजच बघा. बऱ्याचदा तो भाडेकरूचा असतो आणि मीटर कापायची वेळ आली तरी मालकाला पत्ता लागत नाही. चिडून वीज किंवा पाणी बंद करणं हा उपाय मात्र कधीही करू नका. तक्रार उलटी आपल्यावर येते.

हिशेबनीस_सांगली

करापुरतं बोलतो. मिळालेल्या भाड्यातून तुम्ही प्रत्यक्ष भरलेला महापालिका कर वजा होतो, उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. मेंटेनन्स, रंग, प्लंबर यांची वेगळी वजावट नाही, ते त्या तीस टक्क्यांतच धरलेलं आहे. गृहकर्जाचं व्याज वजा करून तोटा आला तर जुन्या करप्रणालीत तो पगारातून वर्षाला दोन लाखांपर्यंत वळता करता येतो. नव्या प्रणालीत पगारातून वळता होत नाही. तुम्ही पगारदार आहात, तेव्हा कोणती प्रणाली निवडली आहे ते पाहून मगच विकायचं की नाही याचा हिशेब करा. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला नसते, हेही लक्षात असू द्या.

सोसायटीचा_खजिनदार

शिक्षिकाताई, हजार रुपये भरू नका. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा शासनाचा आदेश ऑगस्ट २००१ चा आहे. आणि सेवाशुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्स नव्हे. वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, ऑफिसखर्च हे सेवाशुल्कात. सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे), दुरुस्ती निधी, पाणीपट्टी त्यात धरायची नाही. तुमच्या २,६०० मध्ये सेवाशुल्क समजा १,५०० असेल, तर शुल्क महिना १५० होतं. धायरीकडे टँकरचा खर्च मोठा असतो, तो आकडा कुठे दाखवलाय ते बिलात बघा.

कराराची प्रत मात्र जरूर द्या. ती मागण्यात कमिटीचं काही चुकत नाही, कोण राहतंय हे आम्हाला माहीत असावं लागतं.

भाड्याचं_घर

मी लग्न झाल्यापासून भाड्यानेच राहते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. मॅडम, तुम्ही त्या मुलाचा विचार करताय, याचं मोल आम्हाला कळतं.

एक गोष्ट मालकांच्या ध्यानात येत नाही. घर सोडायचं म्हणजे नव्या घराचं डिपॉझिट, एक महिन्याची दलाली, टेम्पो, सगळं एकाच आठवड्यात उभं करावं लागतं, आणि जुनं डिपॉझिट महिन्याभराने हातात पडतं. पगार लांबलेला माणूस ते करूच शकत नाही. मग तो "पुढच्या महिन्यात" म्हणत राहतो, आणि लोकांना वाटतं घर बळकावतोय. तुम्ही त्यांना आत्ताच सांगा: थकबाकी आणि बिल वजा जाता डिपॉझिटचे इतके रुपये उरतात, त्यातले निम्मे एप्रिलच्या एक तारखेला देईन, उरलेले चावी देताना. आणि तसंच लिहून द्या. माणूस निर्धास्त होऊन घर शोधायला लागतो.

वाईची_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोनवर दोघांशी बोलले. डिपॉझिटचं सांगितल्यावर ताईंचा आवाजच बदलला. "आम्हाला तीच काळजी होती," म्हणाल्या. १५ एप्रिलपर्यंतचा करार ठरला, एजंट शनिवारी त्यांच्याकडे आणि रविवारी माझ्याकडे येतोय. थकलेले १७,५०० दर महिन्याला अडीच हजारांनी फेडतील, उरतील ते डिपॉझिटमधून कापायचे. विजेचं बिल त्यांनी रात्रीच भरलं, पावती पाठवली. महावितरणकडे नंबर खरंच त्यांचा होता, तो बदलून घेतला.

फ्लॅट विकायचा विषय मेपर्यंत बाजूला ठेवलाय. हिशेबनीस म्हणतात तसा कराचा आकडा आधी काढते. मी अजून जुन्याच प्रणालीत आहे.

खजिनदारसाहेब, सोसायटीला पत्र लिहायचंय. भांडण नको, पण मुद्दा स्पष्ट हवा. कसं लिहू?

सोसायटीचा_खजिनदार

असं लिहा: "आपल्या पत्रानुसार नवीन नोंदणीकृत कराराची प्रत सोबत जोडली आहे. बिनभोगवटा शुल्क शासनाच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्के या मर्यादेत भरण्यास मी तयार आहे. माझ्या बिलातील सेवाशुल्काचा तपशील लेखी द्यावा, म्हणजे त्याप्रमाणे रक्कम लगेच भरता येईल." दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, पण आधी कमिटीला एक महिना द्या.