मदत हवी आहे : कर घेऊनच खर्च केला, तर रोजगार वाढतो कसा?

नमस्कार मंडळी,

मी तासगावजवळच्या गावचा, सांगलीत एम.ए. करतोय. 'पूर्ण रोजगार आणि राजकोषीय धोरण' (म्हणजे सरकारचं कर आणि खर्चाचं धोरण) यावर वर्गात बोलायचंय. बाकीचे अमेरिका-युरोप सांगणार, म्हणून मी आपली रोजगार हमी योजना (रोहयो) घेतली. वि. स. पागे आमच्याच तालुक्यातले, विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी ही कल्पना मांडली आणि 1965 च्या सुमारास ती आधी तासगाव तालुक्यातच करून बघितली. मग बहात्तरचा दुष्काळ आला. आज्जी तेव्हा खडी फोडायला जायची. दुष्काळात वाटायच्या त्या सुकडीचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करते. कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून.

घोडं अडलंय ते पुढं. अर्थशास्त्रज्ञ केन्स म्हणतो, मंदीत सरकारनं कर्ज काढून खर्च करावा, मागणी वाढली की कामं निघतात. पण रोहयोसाठी राज्यानं 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. (दादाच्या पगारातून अजून कापतात, महिन्याला 200, फेब्रुवारीत 300.) म्हणजे एका खिशातलं दुसऱ्या खिशात. एकूण मागणी वाढली कुठं?

दुसरं, ऑक्टोबर छाटणीला आमच्या द्राक्षबागेत माणूस मिळत नाही आणि शेजारचा बी.एस्सी. झालेला पोरगा घरी बसून आहे. ही कसली बेकारी?

प्रतिसाद 1
दोन्ही खिसे सारखे नाहीत, गोम तिथंच आहे. समजा पगारदाराकडून 100 रुपये कर घेतला. त्यातले तो 80 खर्च करणार होता, 20 बँकेत पडले असते. सरकार मात्र पुरते 100 मजुरीवर घालतं. पहिल्याच फेरीत मागणी 20 नं जास्त. जेवढा कर तेवढाच खर्च, तरी मागणी वाढते; याला संतुलित अंदाजपत्रकाचा गुणक म्हणतात. वर मजुराच्या हातातला पैसा आठवडी बाजारापलीकडे टिकत नाही, त्यामुळे पुढच्या फेऱ्याही जोरात. राज्याला नोटा छापता येत नाहीत आणि कर्जावर राज्यघटनेच्या कलम 293 चा लगाम असतो, म्हणून कर. आणखी एक मुद्दा घ्या : चांगला पाऊस झाला की शेतात काम मिळतं, मस्टरवरची (हजेरीपटावरची) नावं आपोआप घटतात, खर्चही आटतो. वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही.

बी.एस्सी.वाल्याची बेकारी रचनात्मक, म्हणजे शिक्षण एक आणि मिळणारं काम दुसरंच. ती नुसती मागणी वाढवून जात नाही.

प्रतिसाद 2
गुणक राहू दे बाजूला. मजुरी हातात किती दिवसांनी पडायची ते आज्जीला विचारा. उशिरा मिळाली तर मजूर मधल्या काळात उधारीवर जगतो.

धागाकर्ता
विचारलं. म्हणाली, "मुकादमाची मर्जी असंल तसं." हे भाषणात घालतोच. पण ते 80-20 कुठून आणू? सर आकडा मागणार.

प्रतिसाद 1
'समजा' म्हणून सांगा. करदाता थोडीफार बचत करतो एवढं मान्य झालं की गणित उभं राहतं.