सरपण टनावर घ्यावं की घनमीटरवर? उबेचा खरा खर्च कसा काढायचा

थंडीआधी (प्रश्न)

थंडीच्या मोसमासाठी सरपण घ्यायचं आहे. बंद लोखंडी स्टोव्ह आहे, कमाल ७ किलोवॅटचा, धुराडं सरळ वर गेलेलं. दिवसाला सरासरी ४ किलोवॅटने ६ तास, असे १२० दिवस धरले तर खोलीत २८८० युनिट उष्णता यायला हवी (१ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास).

दोन भाव समोर आहेत. एक, ताजी तोड, फोडून दिलेली, टनावर. तिचा भाव सुक्या लाकडाच्या टनभावाच्या तीन-चतुर्थांश. दुसरा, 'सुकं' म्हणून विकलं जाणारं मिश्र लाकूड, घनमीटरवर, गाडीतून ओतून मिळणारं.

यातलं स्वस्त कोणतं? किती घ्यावं? आणि विजेच्या हीटरशी तुलना करायची तर कशाला कशाने भागायचं? दर जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे रुपयांचे आकडे नकोत, हिशोबाची रीत हवी आहे.

निखारा७७

आधी एक गोष्ट पक्की करा: वजनावर घेताना पाण्याचे पैसे जातात, मापावर घेताना हवेचे. कोणत्याही भावात यातलं काय आणि किती आहे ते शोधायचं, एवढाच सगळा खेळ.

पूर्ण कोरड्या लाकडात किलोमागे साधारण ५.१ युनिट उष्णता असते, आणि जात कोणतीही असली तरी किलोच्या हिशोबात हा आकडा फारसा हलत नाही. पाणी असलं की दुहेरी मार बसतो. किलोत लाकूड कमी भरतं, आणि असलेल्या पाण्याची वाफ करायला पाण्याच्या किलोमागे ०.६८ युनिट जळतात. एकूण वजनाच्या टक्क्यांत ओलावा धरला तर एक किलो सरपणातून मिळणारी उष्णता अशी:

१५% ओलावा: ४.३ युनिट
२०%: ४.०
३०%: ३.४
४०%: २.८
५०%: २.२

हे झालं लाकडातलं. खोलीत किती येतं ते स्टोव्हवर अवलंबून. चांगला बंद स्टोव्ह सुक्या लाकडावर ७५% च्या आसपास देतो, म्हणजे २०% ओलाव्याच्या किलोमागे हातात ३ युनिट. तुमचे २८८० भागिले ३, म्हणजे ९६० किलो. पेटवताना वाया जाणारं आणि कडाक्याचे दिवस धरून ११०० किलो घ्या.

आता ताजी तोड. ५०% ओलाव्याच्या १००० किलोत ५०० किलो लाकूड आणि ५०० लिटर पाणी असतं. ते सुकून २०% वर आलं की ६२५ किलो उरतात. म्हणून त्या टनाची रास्त किंमत सुक्याच्या ६२.५%, आणि तीही जागा, वेळ, रचण्याची मेहनत फुकट धरली तर. तुम्हाला ७५% सांगितलेत. ९६० किलो सुकं मिळवायला १५३६ किलो ओलं लागेल. त्याचा खर्च ११५२ किलो सुक्याइतका होतो, म्हणजे पाचवा हिस्सा जास्त देऊन वर वर्षभर थांबायचं.

आणि न सुकवता तसंच जाळलं तर? भट्टी तापत नाही, धूर न जळताच वर जातो. स्टोव्हची कार्यक्षमता ५० टक्क्यांवर उतरली असं धरलं तरी किलोमागे १.१ युनिट. तुमची गरज भागवायला अडीच टनांच्या वर लागेल. हा सौदाच नव्हे.

वखारीबाहेर

निखारा७७ यांचं गणित बरोबर आहे, पण ५०% हा आकडा डोळे मिटून धरू नका. ताज्या तोडीचा ओलावा जातीप्रमाणे साधारण ३५ पासून ६० टक्क्यांपर्यंत फिरतो. ॲशसारखं लाकूड ताजं असतानाही खालच्या टोकाला असतं, पॉप्लर वरच्या टोकाला. सूत्र सोपं आहे: १०० मधून ओलाव्याची टक्केवारी वजा करा आणि ८० ने भागा (२०% ओलाव्याच्या सुक्यात ८०% लाकूड असतं, म्हणून ८०). जे येईल तो सुक्या भावाचा हिस्सा. ४०% ला ६० भागिले ८०, म्हणजे बरोबर ०.७५. म्हणजे तोड ४०% ची निघाली तर विक्रेत्याने सांगितलेला भाव काठावर ठीक आहे. ५५% ला ०.५६ येतो.

तेव्हा आधी मोजा, मग घासाघीस करा.

थंडीआधी

मोजणार कसं? ओलावा मोजायचा दोन पिनांचा मीटर आहे. 'सुक्या' लाकडाच्या नमुन्याला लावला तर २४% दाखवतो. मग ते २० च्या वर, म्हणजे ओलंच ना?

वखारीबाहेर

नाही, आणि इथे बरेच जण चुकतात. पिनवाले मीटर बहुतेक करून कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्केवारी दाखवतात. वरचे सगळे आकडे एकूण वजनावर आहेत. बदलायचं असं: २४ भागिले १२४, म्हणजे १९.४%. तुमचं लाकूड चालेल. मीटरवर २५ म्हणजे एकूण वजनाच्या २०. मीटरच्या माहितीपत्रकात कोणती पद्धत आहे ते मात्र एकदा वाचून घ्या.

अट एक. ढलपीच्या (फोडलेल्या तुकड्याच्या) बाहेरच्या अंगाला पिना टोचून काढलेल्या आकड्याला अर्थ नाही. वरचा थर चार उन्हांत सुकतो, गाभा ओला राहतो. ढलपी मधोमध फोडा, आतल्या ताज्या अंगाला, मध्यावर, रेषेच्या दिशेने पिना दाबा. ढिगाच्या वरून एक, आतून एक, तळातून एक, असे निदान पाच-सहा तुकडे घ्या. लाकूड गोठलेलं असेल तर आधी घरातल्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आकडा भलताच येतो.

मीटरवर ३० च्या पुढचा आकडा अंदाजापुरताच. लाकडाचे तंतू तिथे पाण्याने भरलेले असतात, त्यापुढचं पाणी मोकळं असतं आणि पिनांना ते नीट कळत नाही. ताज्या तोडीसाठी ओव्हन वापरा. मधल्या भागातली २-३ सेंटिमीटरची चकती कापा, लगेच वजन करा, १०३ ते १०५ अंशांवर ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. सहसा एक दिवस लागतो. २४० ग्रॅमची चकती १३२ वर थांबली तर १०८ ग्रॅम पाणी गेलं. १०८ भागिले २४०, ४५%. मायक्रोवेव्हची घाई नको, तुकडा आतून करपतो, वजन खोटं येतं, आणि वर आग लागायची भीती.

मापात_पाप

घनमीटरच्या भावाबद्दल कोणीच बोललं नाही. 'घनमीटर' या एका शब्दात तीन वेगळी मापं लपतात.

भरीव: नुसतं लाकूड, फटी शून्य.
रचलेला: थप्पी लावून मोजलेला. एक घनमीटर थप्पीत ०.६५ ते ०.७ घनमीटर लाकूड असतं, बाकी फटी.
ओतलेला: गाडीतून धबाधबा टाकलेला. त्यात ०.४ ते ०.५ घनमीटर.

म्हणजे ओतलेल्या तीन घनमीटरची थप्पी लावली की जेमतेम दोन घनमीटर उरते. तुमचा दुसरा भाव ओतलेल्या मापाचा असेल, तर रचलेल्या मापाच्या भावाशी तुलना करण्याआधी त्याला दीडने गुणा. हाच प्रश्न कॉर्डच्या भावातही येतो. पूर्ण कॉर्ड म्हणजे ४ फूट × ४ फूट × ८ फूट, १२८ घनफूट, ३.६२ घनमीटर, आणि हे माप रचलेलं. 'फेस कॉर्ड' समोरून तेवढाच दिसतो, ४ बाय ८, पण आतली जाडी एका ढलपीच्या लांबीइतकीच. १६ इंची ढलपी असेल तर तो कॉर्डचा तिसरा हिस्सा झाला.

माल आल्यावर थप्पी लावा, लांबी × उंची × ढलपीची लांबी मोजा, मगच पूर्ण पैसे द्या. विक्रेत्याने रचून दिली असेल तर टोकांकडे बघा. आडव्या-उभ्या ढलप्यांची जाळी करून टोकं बांधलेली असतील तर तिथे लाकूड बरंच कमी असतं. वाकड्या फांद्या आणि गाठाळ तुकडे मुद्दाम मध्ये घातलेले असले की थप्पी फुगते.

मिश्र लाकडाचं घनमीटर म्हणजे तर आंधळा व्यवहार. बीचसारख्या जड लाकडाच्या एका रचलेल्या घनमीटरमध्ये २०% ओलाव्याला १९०० युनिटच्या आसपास, स्प्रूससारख्या हलक्यात १३०० च्या आसपास. तुमच्या २८८० युनिटसाठी स्टोव्हमध्ये ३८४० युनिटचं लाकूड घालावं लागेल. जड असेल तर दोन घनमीटर पुरतील, हलकं असेल तर तीन. 'मिश्र' मध्ये काय किती आहे ते विचारा, नाहीतर हलक्याचा भाव द्या.

निखारा७७

मापात_पाप यांच्याशी सहमत, फक्त एक जोड. हलक्या लाकडाला नाक मुरडू नका. किलोमागे ते तितकंच तापतं, चटकन पेटतं, लवकर सुकतं. स्वस्तात मिळालं तर सकाळ-संध्याकाळच्या छोट्या जाळाला उत्तम. निखारा रात्रभर टिकवायचा असेल तरच जड हवं. आणि चिकाच्या लाकडाने धुराडं माखतं हा समज अर्धवट आहे. माखतं ते ओल्या लाकडाने आणि हवेची झडप बंद करून धुमसत ठेवल्याने. धुरातली न जळलेली वाफ थंड धुराड्यात डांबरासारखी बसते, पुढे तीच पेट घेते. थर साफ करून घेण्याचा वर्षाचा खर्च सरपणाच्याच खात्यात मांडा.

युनिटवाले

विजेच्या तुलनेचं राहिलं. साध्या हीटरमध्ये १ युनिट वीज म्हणजे १ युनिट उष्णता. सुक्या किलोमागे तुम्हाला ३ युनिट मिळतात. तर किलोचा भाव विजेच्या एका युनिटच्या भावाच्या तिपटीपेक्षा कमी असेल तर लाकूड स्वस्त, जास्त असेल तर हीटर.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत ओढणारं यंत्र) असेल तर सगळं बदलतं. तो एका युनिट विजेवर ३ युनिट उष्णता देत असेल, तर लाकडाचा किलो विजेच्या एका युनिटपेक्षा स्वस्त मिळायला हवा. फार ठिकाणी मिळत नाही.

एलपीजीच्या किलोत १२.८ युनिट. धूर बाहेर सोडणारा हीटर ८५% धरला तर हातात ११ च्या आसपास. म्हणजे १ किलो गॅसच्या जागी साडेतीन-पावणेचार किलो सुकं सरपण.

उघडी शेकोटीवजा भिंतीतली भट्टी असेल तर ही तुलना करूच नका. तिची कार्यक्षमता १०-१५%, आणि खोलीतली गरम हवाही धुराड्यातून ओढून नेते. किलोमागे अर्धं युनिट. तेच सरपण बंद स्टोव्हमध्ये सहापट काम करतं, तेव्हा पैसे आधी स्टोव्हवर घाला.

लाकडाच्या भावात हेही मिळवा: पोचवणी, दारापर्यंत की रस्त्याच्या कडेला, रचण्याची मजुरी, आणि ढलपीची लांबी. भट्टीच्या आतल्या लांबीपेक्षा ५ सेंटिमीटर कमी हवी. ५० च्या ढलप्या ४० च्या भट्टीसाठी घेतल्या तर प्रत्येक पुन्हा कापावी लागते, आणि त्या मजुरीत स्वस्ताई संपते.

वखारीबाहेर

फुकटच्या लाकडाबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. रंगवलेलं, प्लायवूड, एमडीएफ, वाळवीरोधक औषध पाजलेलं लाकूड जाळायचं नाही. जुन्या औषधी लाकडात आर्सेनिक असू शकतं आणि ते राखेतही राहतं. पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर) 'एचटी' शिक्का म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. समुद्रातून वाहून आलेलं लाकूड मिठामुळे स्टोव्ह आणि धुराडं गंजवतं.

थंडीआधी

मग असं ठरवतो: या मोसमासाठी घनमीटरचा सौदा, थप्पी लावून मोजून. पुढच्या मोसमासाठी ताजी तोड, पण चकती तपासून आणि सूत्राने येईल त्या भावात. ती आत्ताच रचली तर तोपर्यंत सुकेल?

निखारा७७

हलकी जात सहा महिने ते वर्षात सुकते. ओकसारखी जड जात दीड-दोन वर्षं घेते, ती पुढच्या मोसमात धरू नका. लाकूड गोल ओंडक्यात सोडू नका, साल पाणी धरून ठेवते. ८ ते १२ सेंटिमीटर जाडीच्या ढलप्या करा. जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर वर, दोन आडव्या वाशांवर, वारा आरपार जाईल अशी एकेरी रांग. भिंतीपासून हातभर लांब, नाहीतर वाळवी थप्पीतून घरात येते. वरून पत्रा किंवा ताडपत्री, बाजू उघड्याच. सगळी थप्पी प्लास्टिकमध्ये गुंडाळली की आतलं पाणी आतच राहतं आणि लाकडाला बुरशी लागते. बुरशीने खाल्लेलं लाकूड हलकं होतं, म्हणजे पैसे दिलेली उष्णता थप्पीतच गेली.

रचतानाच तीन ढलप्यांवर नंबर घालून वजन लिहून ठेवा, एक वर, एक मध्ये, एक खाली. दर महिन्याला तोला. ५०% पासून सुरुवात असेल तर १००० ग्रॅमची ढलपी ६२५ ला आली की लाकूड तयार.

युनिटवाले

त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावा. धुराड्यात काजळी बसली की धूर मागे फिरतो, आणि त्या वायूला वास नसतो.