स्ट्रॅटेजीला मराठीत काय म्हणायचं? (धोरण सोडून सांगा)

ताकपिठं: आमचं वाचनालय तालुका 'ब' वर्गातलं. एका कंपनीच्या सीएसआरकडे (समाजकार्याच्या निधीसाठी) अर्ज करतोय, फॉर्म इंग्रजी पण कार्यकारिणीला मंजुरीसाठी मराठी प्रत हवीय. एका रकान्यात पॉलिसी, लगेच पुढच्यात स्ट्रॅटेजी, आणि खाली ती किती वर्षांनी बदलता म्हणून विचारलंय. पॉलिसीला 'धोरण' वापरून झालं. 'रणनीती' लिहिलं तर कोषाध्यक्ष म्हणे रण कुणाशी, मोबाईलशी? ठरलंय ते असं की पुढची पाच वर्षं कादंबऱ्यांच्या खरेदीला कात्री लावायची आणि ते पैसे स्पर्धा परीक्षावाल्या मुलांच्या अभ्यासिकेला. सोमवारी मीटिंग आहे.

शुद्धमती: व्यूहरचना. इतका सुंदर शब्द असताना प्रश्नच का पडावा?

खवट: व्यूहात अभिमन्यूचं काय झालं ते कार्यकारिणीतल्या कुणाला तरी आठवेलच.

निवृत्त_टेबल: सरकारी कागदात धोरण म्हणजे पॉलिसीच, 1994 चं महिला धोरण घ्या नाहीतर 2020 चं शैक्षणिक धोरण. आमच्याकडे स्ट्रॅटेजीला 'कार्यनीती' लिहायचे. कुणी बोलताना वापरलेला मात्र ऐकला नाही.

शुद्धमती: रणनीती हिंदी बातम्यांतून घुसलाय, तो तरी नकोच.

खवट: 'अर्ज', 'मंजुरी' आणि 'तालुका' अरबीतून घुसलेत, ते आधी बाहेर काढा, मग हिंदीकडे वळू.

बखरबहाद्दर: पेशवाईतली पत्रं वाचा हो, तिथे 'मसलत' आहे! अख्ख्या मोहिमेला मसलत म्हणायचे, मूळ अरबी मस्लहत, म्हणजे भलं कशात आहे ते बघणं. संस्थेला याहून चांगला शब्द नाही.

निवृत्त_टेबल: आज मसलत म्हटलं की चार जण कट शिजवतायत असंच वाटतं. सीएसआरवाले पळून जातील.

दुपारची_वाचक: शब्द राहू द्या, कादंबऱ्या बंद करताय?? वर्षानुवर्षं वर्गणी कोण भरतं, आम्ही दुपारी येणाऱ्या बायकाच ना. अभ्यासिकेतली पोरं परीक्षा झाली की जातात.

ताकपिठं: बंद नाही हो, कमी. वर्गणीदार घटतायत आणि अभ्यासिकेला मात्र जागा पुरत नाही.

उंट_तिरका: काय करणार नाही हे ज्यात ठरतं ती स्ट्रॅटेजी, त्यामुळे बाईंचा राग अगदी बरोबर जागी आलाय. डावपेच म्हणजे टॅक्टिक्स, बुद्धिबळवाल्यांना विचारा. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवायची हा डाव झाला. मुळात मुलांकडे वळायचं हा झाला... 'रोख' म्हणा सरळ. संस्थेचा रोख.

खवट: कोषाध्यक्षांना रोख म्हणजे कॅशच कळणार.

निवृत्त_टेबल: आणि ते बदलण्याला 'नूतनीकरण' नका लिहू, ते लायसन्सचं होतं. फेरआखणी लिहा.

शुद्धमती: धोरण बदलायचं नसतंच मुळी, म्हणून तर ते धोरण.

उंट_तिरका: रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी पतधोरणाचा आढावा घेते, त्यांना कळवा.

बडोदेकर: मजा सांगतो, आमच्याकडे गुजरातीत धोरण म्हणजे शाळेतली इयत्ता. 'धोरण 10' असा बोर्ड असतो. पुण्याहून आलेल्या मावशीला वाटलं ही शाळेची दहा धोरणं आहेत, बाकीची नऊ कुठे लावलीत म्हणून शोधत होती.

बखरबहाद्दर: वा! आणि आपली 'इयत्ता' संस्कृत, इयत् म्हणजे इतकं, म्हणून इयत्ता म्हणजे इतकेपणा. माझ्या मते दोन्हीकडे मुळात माप असणार.

शुद्धमती: तुमच्या मते. कोश बघितलात का?

ताकपिठं: अहो सोमवार...

दुपारची_वाचक: आमच्या आजी इयत्ता नाही म्हणायच्या, 'मराठी सातवी' म्हणायच्या. ती आणि व्हर्नाक्युलर फायनल एकच का?

निवृत्त_टेबल: हो. ती पास झालं की मास्तरकी मिळायची.

बडोदेकर: यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.