केसमधली ‘सामाजिक पार्श्वभूमी’ नेमकी कशी लिहायची? (समुपदेशन, पहिलं वर्ष)

नवी_वही

नमस्कार. बीएला समुपदेशन हा मुख्य विषय आहे आणि सोबत समाजशास्त्राचा पायाभूत पेपर. अंतर्गत मूल्यमापनासाठी ही काल्पनिक केस मिळाली आहे:

‘वय १९. बीड जिल्ह्यातल्या गावातून येऊन पुण्यात वसतिगृहावर राहते, बी.कॉम.चं पहिलं वर्ष. आईवडील ऊसतोडीला जातात. गावी आजी आणि दोन धाकटे भाऊ. दोन महिने झोप लागत नाही, वर्गात बोलत नाही, पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. कॉलेज सोडायचं म्हणते.’

यावर ६०० शब्दांत सामाजिक पार्श्वभूमी लिहायची, किमान चार संकल्पना वापरून. सुरुवात अशी सुचते आहे: ‘क्लायंट ग्रामीण, गरीब व विभक्त कुटुंबातील असून सामाजीकरणातील त्रुटींमुळे तिला शहरी वातावरणाशी जुळवून घेता येत नाही.’ व्याख्या पाठ आहेत, पण त्या केसला लावायच्या कशा? ही दिशा बरोबर आहे का?

समाजशास्त्र_शिकवतो

दिशा बदला. या वाक्यात तीन शिक्के आहेत आणि एक कारण. ‘ग्रामीण’ सोडलं तर बाकीचं केसमध्ये कुठेच लिहिलेलं नाही, ते तुम्ही गृहीत धरलं आहे.

‘विभक्त’ हाच शब्द घ्या. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या: एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं जेवणं, सामाईक मालमत्ता, सामाईक कुळाचार आणि आपसातलं नातं. त्या ऊसतोडीच्या घराला लावून बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्याच्या भागात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. तेवढे पाच-सहा महिने चूल दोन ठिकाणी पेटते, पुणं धरलं तर ताट तिसऱ्या ठिकाणी. जबाबदारी मात्र सगळ्यांची मिळून एकच. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुव्याचा अभ्यास करून हेच मांडलं होतं की घरं वेगळी झाली म्हणून एकत्रपण संपत नाही, ते एकमेकांच्या कर्तव्यांत टिकून राहतं. म्हणून ‘एकत्र की विभक्त’ हा रकाना भरू नका. कोणत्या महिन्यात कोण कुठे असतं, पैसे कोण पाठवतं, खर्च कोणाला विचारून होतो, आजी आजारी पडली की फोन कोणाला जातो, हे लिहा. शेवटच्या प्रश्नाला ‘मला’ असं उत्तर आलं, तर केसमध्ये ज्याचा उल्लेखच नाही असं एक काम ही मुलगी पुण्यात बसून करते आहे.

आता ‘गरीब’. या शब्दाने काही कळत नाही, व्यवहार कसा चालतो ते सांगितलं तर कळतं. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा कंत्राटदार, हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ती तोडलेल्या टनांच्या मजुरीतून फिटते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. दोघांपैकी एक जण आजारी पडला तर उरतो अर्धा कोयता, पण उचल अर्धी होत नाही. अशा घरात ‘मी कॉलेज सोडते’ या वाक्याचा अर्थ अभ्यास झेपत नाही असाही असेल, आणि घरात दोन हात कमी पडताहेत असाही. दोन्ही शक्यता लिहा आणि कोणती खरी हे कोणत्या प्रश्नाने कळेल तेही लिहा. हंगाम सुरू होतो आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा होतात त्या साधारण एकाच काळात, हे तारखांशी ताडून बघण्यासारखं आहे.

इथे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांची १९५९ची मांडणी उपयोगी पडते. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची वैयक्तिक अडचण. पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर उत्तर एकेकाच्या स्वभावात शोधून सापडणार नाही, तो सार्वजनिक प्रश्न आहे. सामाजीकरण म्हणजे समाजात वावरायला शिकणं; ‘सामाजीकरणातील त्रुटी’ म्हणताना तुम्ही सार्वजनिक प्रश्न त्या मुलीच्या घडणीत ढकलता. माझ्या मते या पेपरमधली सर्वांत नुकसान करणारी चूक हीच, कारण पुढे सत्रात बसल्यावर तोच सूर समुपदेशकाच्या तोंडी येतो.

भूमिकांबद्दल: मोठी बहीण आणि विद्यार्थिनी या दोन भूमिका एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना ओढतात, तो भूमिका-संघर्ष. विद्यार्थिनी या एकाच भूमिकेतल्या मागण्या, म्हणजे हजेरी, सादरीकरण, इंग्रजीतले वाचन, एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा तो भूमिका-ताण. उत्तरपत्रिकांत हे दोन शब्द सर्रास अदलाबदलीने येतात.

वसतिगृह_समुपदेशन

वरच्या उत्तरात एक भर. केसमध्ये ‘वर्गात बोलत नाही’ हे वाक्य आहे. ते लाजाळूपणाच्या खात्यावर टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली भाषेची. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू यांनी सांस्कृतिक भांडवलाचे, म्हणजे समाजात मान मिळवून देणाऱ्या ज्ञान-सवयींचे, तीन प्रकार सांगितले: अंगवळणी पडलेलं, वस्तूंच्या रूपातलं आणि पदव्या-प्रमाणपत्रांनी संस्थेने मान्य केलेलं. हिच्याकडे बारावीचं प्रमाणपत्र आहे. अंगवळणी पडलेलं म्हणजे बोलण्याची ढब, वर्गात हात वर करण्याची सवय. तिथे तिच्या बोलीला वर्गात किंमत नाही असं तिला जाणवत असेल.

दुसरी लपवण्याची. समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांनी १९६३ मध्ये उघड दिसणारा कलंक आणि लपवता येणारा कलंक असा फरक केला. आईवडिलांचं काम लपवता येतं, पण त्यासाठी रोज सावध राहावं लागतं: ‘सुट्टीत कुठे जाणार?’, ‘पप्पा काय करतात?’ या साध्या प्रश्नांनाही. म्हणून बोलणं कमी करणं हा तिच्या परीने शहाणपणाचा मार्ग असू शकतो.

जातीबद्दल. रकान्यात जात लिहून पुढे जाणं आणि ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणून विषयच टाळणं, दोन्हींनी काम बिघडतं. पहिल्या भेटीत थेट जात विचारू नका. खोलीत कोण कोण आहे, जेवायला कोणाबरोबर बसतेस, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना कोणी काही बोललं का, असं विचारा. तिने स्वतः विषय काढला तर मात्र तो दुसरीकडे वळवू नका. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असं दाखवलं. त्यामुळे घरी लग्नाचा विषय चालू असेल तर जात तिथे असतेच, कोणी उच्चारो न उच्चारो.

कागदावर दोन आकृत्या काढा. जेनोग्राम, म्हणजे कुटुंबाची आकृती, तीन पिढ्यांचा: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, मृत व्यक्तीवर फुली. इकोमॅप म्हणजे व्यक्तीच्या भोवतालच्या नात्यांची आकृती; त्यात मधल्या वर्तुळात ती, भोवती मेस, खोली, वर्ग, गाव, मुकादम, शिष्यवृत्ती. घट्ट नात्याला जाड रेघ, क्षीण नात्याला तुटक रेघ, ताणाच्या नात्याला रेघेवर आडव्या खुणा. मदत कोणीकडून कोणीकडे जाते ते बाणाने दाखवा. अशा केसमध्ये बाण तिच्याकडून बाहेर जाणारेच जास्त निघाले तर झोपेचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. मात्र आकृती क्लायंटबरोबर बसूनच काढतात. गृहपाठात प्रत्येक रेघेपुढे ‘विचारायचं आहे’ असं लिहिलं तरच ती प्रामाणिक ठरते.

आकडे_आणि_माणसं

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, एक इशारा जोडतो. आता तुम्हाला ऊसतोडीची इतकी माहिती मिळाली की ती सगळी या मुलीवर चिकटवण्याचा मोह होईल. तसं करू नका.

समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेवरून एक गोष्ट दाखवली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. यावरून स्थलांतरित जास्त साक्षर असतील असं वाटतं. व्यक्तीव्यक्तीची माहिती पाहिली तर उलट निघालं: त्यांच्यात निरक्षरता थोडी जास्तच होती, फक्त ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. समूहाचा आकडा व्यक्तीवर लादला की असं फसतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डर्कहाइम यांचं १८९७चं आत्महत्येवरचं कामसुद्धा समूहांच्या दरांबद्दल आहे. ‘एकात्मता (समाजाशी बांधलेपण) कमी, म्हणून हिला धोका’ असं त्यातून निघत नाही. धोका आहे का, हे तिलाच सरळ शब्दांत विचारायचं असतं: ‘जीव नकोसा वाटतो का? मरून जावं असं मनात येतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही.

नवी_वही

खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे निष्कर्षाऐवजी प्रश्न लिहायचे हे कळलं. पण शिष्यवृत्ती, मुकादम, खोली हे सगळं आलं की समुपदेशक आणि समाजकार्यकर्ता यांत फरक काय राहिला? आणि ६०० शब्दांत हे बसवायचं कसं?

समाजशास्त्र_शिकवतो

फरक कामात आहे, माहितीत नाही. शिष्यवृत्ती अडकली आहे हे समुपदेशकाला कळलंच पाहिजे. ती सोडवायला महाडीबीटीचं (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं) काम पाहणाऱ्या कॉलेजच्या कार्यालयाकडे किंवा समाजकल्याण कार्यालयाकडे पाठवायचं आणि पुढच्या भेटीत ‘काय झालं?’ विचारायचं. पैसे अडकलेले असताना नुसते श्वसनाचे व्यायाम शिकवले तर मुलगी तिसऱ्या भेटीला येत नाही. जीव नकोसा वाटतो असं ती म्हणाली तर त्याच दिवशी वरिष्ठ समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही तिच्याकडे द्यायचा, तिथे चोवीस तास कोणीतरी असतं. क्लायंट १८ वर्षांखालची असती आणि लैंगिक अत्याचार कळला असता, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक झालं असतं. ही १९ची आहे, तेव्हा लग्न असो की शिक्षण, संमती तिचीच.

शब्दांची वाटणी साधारण अशी करा: केसमध्ये जे लिहिलं आहे तेवढंच, ८०. कुटुंबाची रचना आणि हंगामाचं वेळापत्रक, १८०. वर्ग आणि वसतिगृह, भांडवल व कलंक या संकल्पनांसह, १८०. उरलेल्या १६० शब्दांत विचारायचे पाच-सहा प्रश्न, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या संकल्पनेतून आला ते. भूमिका-संघर्ष कुटुंबाच्या भागात येईल, म्हणजे चार संकल्पना आरामात होतात.

लिहून झाल्यावर प्रत्येक ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’खाली रेघ मारा. ज्याच्या आधीचा भाग केसमध्ये नाही, तिथे ‘असू शकेल’ लिहा किंवा ते वाक्य प्रश्नात बदला.