शब्दचर्चा: ‘विसर्ग’, ‘येवा’ आणि पुराचा इशारा

मुठाई:
पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून पाणी सोडताना जे निवेदन येतं, त्यातलं एक वाक्य साधारण असं असतं: ‘खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून मुठा नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग वाढवून ३५,००० क्युसेक करण्यात येत आहे.’ हेच वाक्य मोबाइलच्या संदेशात आणि व्हॉट्सॲपवर फिरतं. प्रश्न तीन. ‘विसर्ग’ हा शब्द इथे योग्य आहे का? ‘येवा’ म्हणजे नेमकं काय? आणि टॉवरवरून सगळ्या फोनांना एकदम येणाऱ्या इशाऱ्याला, म्हणजे ‘सेल ब्रॉडकास्ट’ला, मराठीत काय म्हणावं?

अर्धमात्रा:
व्युत्पत्तीच्या बाजूने ‘विसर्ग’ निर्दोष आहे. वि + सृज्, म्हणजे सोडणे. ‘विसर्जन’ही त्याच धातूचं. पण शाळेत शिकलेल्या माणसाला विसर्ग म्हटलं की ‘दुःख’मधले दोन ठिपकेच आठवतात. पाटबंधारे खात्याच्या कागदात शब्द चोख आहे. नदीकाठच्या पार्किंगमध्ये गाडी असलेल्या माणसासाठी ‘पाणी सोडणार’ पुरे.

‘येवा’ मात्र जपून ठेवावा असा शब्द आहे. धरणात येणारं पाणी म्हणजे येवा, बाहेर सोडलेलं म्हणजे विसर्ग. ‘आवक’ म्हटलं की मार्केट यार्डातले कांदे डोळ्यांपुढे येतात. पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही तिन्ही धरणं वर आहेत आणि खडकवासला त्यांच्या खाली. त्याची साठवण जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट). त्यामुळे वरून येवा वाढला की फार काळ थोपवून धरायला तिथे जागाच नसते. निवेदनात शेवटी ‘येव्यानुसार विसर्ग कमी-जास्त होऊ शकतो’ असं असतं. वाचणारे ते शेपूट समजून सोडून देतात, पण खरा इशारा तिथेच असतो: आकडा तासाभरात बदलू शकतो.

पूलपट्टी:
‘क्युसेक’वर थोडं. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. ३५,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ९ लाख ९१ हजार लिटर, दहा हजार लिटरचे ९९ टँकर. ऐकायला जबरदस्त, पण पाणी आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीवर येणार हे त्यातून कळत नाही. क्युसेक हा प्रवाह झाला. माणसाला हवी असते पातळी.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. तिकडचा माणूस फुटांत बोलतो आणि कोणत्या फुटाला कोणती गल्ली बुडते हे त्याला पाठ असतं. पुणेकर क्युसेकमध्ये बोलतो आणि मग मुठेवरच्या सखल भिडे पुलाकडे बघून अंदाज बांधतो. माझ्या मते भिडे पूल हेच आपलं खरं मोजमाप!

शिवाय तेवढ्याच विसर्गाला पातळी दरवेळी सारखी नसते. धरणाच्या खाली, शहरात पडणारा पाऊस त्या आकड्यात धरलेलाच नसतो. संगमाजवळ मुळा चढलेली असेल (मुळशी आणि पवना या धरणांचं पाणी तिच्यातच येतं) तर मुठेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. याला ‘फुगवटा’ म्हणतात. शब्द नेमका आहे, कुठल्याही इशाऱ्यात निर्धास्त वापरावा. २५ जुलै २०२४ ला मुठेकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग ३५ हजारांच्या आसपास होता, आणि शहरातही जोरदार पाऊस होता.

टॉवरखाली:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी यंत्रणा समजून घेऊन शोधू. एसएमएस एकेका नंबरवर जातो. यादी लागते, रांग लागते, गर्दीच्या वेळी उशीर होतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकदाच सांगतो. नंबर माहीत असावा लागत नाही, इंटरनेट लागत नाही, परगावचा पाहुणाही त्यात येतो. एसएमएस म्हणजे पत्त्यावर येणारा पोस्टमन, आणि ही सरळसरळ दवंडी. ‘पेशी प्रसारण’ वगैरे कृपया नको. ‘मोबाइल दवंडी’ म्हणा.

दवंडीच्या मर्यादाही तिला आहेत. फोन बंद, फ्लाइट मोडवर किंवा टॉवरची वीज गेलेली असेल तर काही पोचत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ असा पर्याय असतो, तो बंद नाही ना एवढं पावसाळ्याआधी पाहून ठेवावं. टॉवरला पूररेषा कळत नाही, टेकडीवरच्या सोसायटीतही फोन वाजतो. म्हणून वस्तीचं नाव संदेशाच्या सुरुवातीलाच हवं, नाहीतर पुढच्या वेळी कुणी वाचणार नाही.

एसएमएसची अडचण वेगळी. देवनागरीत एका संदेशात ७० जागा मिळतात. लांब संदेशाचे तुकडे पडतात आणि मग प्रत्येक तुकड्यात ६७च. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘विसर्ग’ डोळ्याला तीन अक्षरं, पण जागा सहा. ‘क्युसेक’ सात. मुठाई यांनी दिलेलं वाक्य मोजून पाहा: ७० जागा ‘वाढव’ इथेच संपतात. ‘वाढवून’सुद्धा पुरा होत नाही आणि आकड्याचा पत्ताच नाही. एखादा तुकडा अडकला तर संदेश अर्धवट दिसतो किंवा दिसतच नाही.

त्याऐवजी हे घ्या:

‘एकतानगरी: मुठेला पाणी वाढणार. ५ ऑगस्ट पहाटे ४ नंतर. गाड्या वर न्या.’

रिकाम्या जागा धरून ६७. एकाच तुकड्यात बसतं.

अर्धमात्रा:
नमुना आवडला. मुख्य म्हणजे त्यात तारीख आहे. ‘आज’, ‘उद्या’, ‘सध्या’ हे शब्द इशाऱ्यात विषासारखे. फॉरवर्ड होत होत संदेश दुसऱ्या दिवशी पोचतो आणि तेव्हाही ‘आज’च म्हणत असतो. ‘५ तारखेच्या रात्री २ वाजता’ हेही तसंच घोटाळ्याचं: घड्याळाने ती ६ तारखेची पहाट असते. ‘पहाटे’ आणि तारीख जोडीने लिहावी.

‘सतर्क राहावे’ला माझी हरकत आहे. सतर्क राहायचं म्हणजे करायचं काय? ‘न्या’, ‘हलवा’, ‘बंद करा’ अशी क्रियापदं हवीत. हवामान विभागाच्या रंगांत हा क्रम नीट आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. आपण मात्र तिन्हींना ‘सतर्क’च म्हणतो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या इशारा-यंत्रणेचं नाव ‘सचेत’ आहे. हिंदीत ते सावध या अर्थाने चालतं, मराठी कानाला ‘सचेतन’ ऐकू येतं. नाव म्हणून ठीक आहे, विशेषण म्हणून ‘सावध’च बरा.

ओढेकरी:
धरणाच्या नादात ओढे विसरू नका. २५ सप्टेंबर २०१९ ला पुण्यातल्या आंबिल ओढ्याला जे पाणी आलं त्याचा खडकवासल्याच्या विसर्गाशी संबंध नव्हता. ते कात्रजकडच्या पावसाचं पाणी. त्याला ‘आकस्मिक पूर’ असं भाषांतर करतात, पण ‘लोंढा’ हा शब्द आपल्याकडे आहे आणि तो ऐकताच माणूस पळतो. लोंढ्याला क्युसेकचं निवेदन काढायला वेळच मिळत नाही. तिथे दवंडी, भोंगा आणि एकच क्रियापद.

‘निळी पूररेषा’ म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदाचा पूर, याचाही अर्थ चुकीचा लावला जातो. ‘एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत’ असं नाही. दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता, आणि दहा वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता एक तृतीयांशाच्या आसपास. लाल रेषा शंभर वर्षांची.

मुठाई:
सगळ्यांचे आभार. आणखी एक: ‘धरण सोडलं’ असं सर्रास बोलतात, तेही चालवून घ्यायचं का?

पूलपट्टी:
बोलण्यात कोण अडवणार? लिहिताना नको. सोडतात ते पाणी. ‘धरण सोडलं’चं दोन-तीन फॉरवर्डमध्ये ‘धरण फुटलं’ होतं, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यानंतर पुण्यात तो शब्द हलक्या हाताने वापरण्यासारखा राहिलेला नाही. ‘पाणी सोडणार’ आणि ‘पाणी सोडलं’ यांतला काळही सांभाळा. पहिलं वाचून गाडी काढता येते. दुसरं वाचल्यावर तळघरात उतरायचं नसतं.