कोटा मिळाला, पण दारातून खुर्ची जाईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाचा म्हाडाच्या सोडतीत दिव्यांग प्रवर्गातून अर्ज भरला, आता फक्त नंबर लागायची वाट. अर्ज भरलात ते उत्तमच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 37 नुसार सरकारी घरवाटपात 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. पण घर कसं आहे, हे नंबर लागण्याआधीच बघून या.

माझी आई व्हीलचेअरवर असते. लहान फ्लॅटमध्ये हॉलचं दार रुंद असतं, अडतं ते बाथरूमला. दार अरुंद, वर उंबरठा. म्हणून टेप घेऊनच जा. दारातून 900 मिलिमीटर मोकळी जागा हवी, खुर्ची वळवायला साधारण 1500. रॅम्पचा उतार 1:12, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. लिफ्ट बंद पडते तेव्हा काय होतं, हे तिथल्याच रहिवाशांना विचारा.

पंतप्रधान आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग कुटुंबाला शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा असं म्हटलंय. त्या योजनेतलं घर असेल तर तशी लेखी मागणी करा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.