थरारपटाचं पहिलं शूट : काय बिघडलं, काय उमगलं?

शिकत असताना थरारक शॉर्टफिल्म ज्यांनी लिहिली, शूट केली, तिच्यात काम केलं किंवा नुसती बूम (माइक लावलेली लांब काठी) धरून रात्रभर उभे राहिले, त्या सगळ्यांनी इथे लिहावं. "मजा आली" एवढ्यावर थांबू नका. काय बिघडलं, का बिघडलं आणि पुढच्या वेळी काय वेगळं केलंत ते सांगा. प्रत्येकाने वर आपलं काम लिहून खाली आपला अनुभव लिहावा. सुरुवात मी करते.

लेखन-दिग्दर्शन माझ्याकडे होतं. स्क्रिप्ट १२ पानांची. पानाला साधारण एक मिनिट धरतात, म्हणजे १२ मिनिटांची फिल्म. घरात शिरलेला माणूस कोण, हे मी शेवटच्या पानापर्यंत लपवलं होतं आणि त्या लपवण्यालाच थरार समजत होते. पहिल्या वाचनाला सगळे शांत बसले, पण ताणाने नव्हे. त्यांना काही माहीतच नव्हतं, मग भीती कशाची वाटणार? थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण मी वर्गात कितीदा ऐकलं होतं : बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं तर १५ मिनिटांचा ताण. स्वतःच्या पानांना मात्र ते लावून पाहिलं नव्हतं. मग तिसऱ्याच पानावर पलंगाखालचे बूट दाखवले आणि नायिकेला फोनवर बोलत त्याच पलंगावर बसवलं. तिचा एकही संवाद बदलला नाही, तरी पुढच्या वाचनाला ऐकणारे पुढे सरकून बसले. तेव्हापासून प्रत्येक प्रसंगापुढे दोन रकाने आखते : पात्राला काय ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला काय. दोन्हींत तेच ते आलं, की प्रसंग पुन्हा लिहायला घेते.

कंटिन्यूइटी

एका शॉटमधून दुसऱ्यात वस्तू, वेळ, कपडे जुळते ठेवणं, हे काम माझ्याकडे होतं. वरचे बूट वाचून आमचं घड्याळ आठवलं. आमची गोष्ट रात्री ११ ते ११:२० एवढ्या वेळात घडते. शूट दोन रात्रींचं. ती खोली वापरायला मिळाली याच आनंदात आम्ही होतो, भिंतीकडे कोणी पाहिलं नाही. एडिटला बसलो तर एकाच संभाषणात मागचं घड्याळ आधी पावणेअकरा, मग सव्वादोन, मग पुन्हा अकरा दाखवतंय. पहिल्या खेळानंतर तीन जणांनी वेगवेगळं येऊन विचारलं, "काळ मागे जातो, हाच ट्विस्ट होता ना?"

त्या प्रश्नाने मी फार शिकलो. थरारपट बघणारा माणूस पहिल्या फ्रेमपासून धागेदोरे शोधत असतो. एरवी नजरेआड होणारी चूक इथे त्याला पुरावा वाटते, आणि त्या खोट्या पुराव्यामागे तो गेला की खरा सुटतो. आम्ही पेरलेली चावी कोणालाच आठवत नव्हती!

आता सेटवर गेल्यावर पहिलं काम म्हणजे घड्याळाचा सेल काढायचा आणि काटे प्रसंगाप्रमाणे हाताने लावायचे. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर मोबाइलवर फोटो. शूट लोकेशनच्या सोयीने होतं, गोष्टीच्या क्रमाने नाही, त्यामुळे जखमेलाही नंबर देतो : जखम १ म्हणजे ताजी, जखम २ म्हणजे सुकत आलेली, जखम ३ म्हणजे पट्टी. एकसारखे तीन शर्ट लागतात, कारण खोट्या रक्तातला रंग एकदा कापडात मुरला की रीटेकला तो शर्ट कोरा होत नाही.

कॅमेरा

रात्रीचा प्रसंग म्हणून दिवे कमी केले आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवला. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याची छोटी स्क्रीन उजळ दिसते, तिने फसवलं. घरी पाहिलं तर सावलीच्या जागी नुसते रंगीत दाणे. ग्रेडिंगमध्ये (नंतर रंग-उजेड दुरुस्त करताना) सावली उजळायला गेलो तर दाणेच वर आले. पुढच्या फिल्मला उलट केलं : खिडकीबाहेरून एक जोरदार दिवा, खोलीत टेबललॅम्प, चेहऱ्याची फक्त कड उजळलेली. भरपूर उजेड वापरला, पण तो कुठे पडू द्यायचा नाही हे आधी ठरवलं. स्क्रीनपेक्षा हिस्टोग्रामवर, म्हणजे फ्रेममध्ये उजेड-अंधार किती हे दाखवणाऱ्या आलेखावर, विश्वास ठेवा. आणि ट्यूबलाइटखाली शूट करणार असाल तर आधी टेस्ट घ्या. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५०, ६० हर्ट्झची असेल तर १/६०. नाहीतर उजेड फडफडतो, आणि वर कंटिन्यूइटीवाल्याने सांगितलं तसं, प्रेक्षक त्यातही भूत शोधतो.

साउंड

फ्रिजची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून तो बंद करा आणि घरी जाताना लागणारी किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायला विसरणार नाही. हे जुन्या लोकांकडून शिकले.

रातकिडे मात्र बंद करता येत नाहीत. आमच्या बाहेरच्या प्रसंगात एका टेकला ते ओरडत होते, दुसऱ्याला गप्प. कट मारला की शांतता तुटायची, आणि आमची अख्खी फिल्म त्या शांततेवर उभी होती. आता प्रत्येक जागी सगळ्यांना स्तब्ध उभं करून मिनिटभर नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करते, म्हणजे तो कटांखाली सलग लावता येतो. सगळे दमलेले असतात, घाई करतात, तरी हे मिनिट मी सोडत नाही. किंकाळी वेगळ्या टेकमध्ये, रेकॉर्डिंगची लेव्हल खाली आणून घ्या. कुजबुजीसाठी लावलेल्या लेव्हलवर ती फाटते आणि फाटलेला आवाज दुरुस्त होणं कठीण.

अभिनय

गळा दाबण्याच्या प्रसंगात माझे संवादच "सोड", "नको", "थांब" असे होते. दुसऱ्या टेकला मला खरोखर श्वास घेता येईना. मी "थांब" म्हणत राहिले आणि समोरच्याला वाटलं, काम छान चाललंय. त्याची चूक नव्हती, आम्ही काही ठरवलंच नव्हतं. आता स्क्रिप्टमध्ये कुठेच नसलेला एक शब्द आणि मांडीवर दोन थापा, एवढं आधी सगळ्या युनिटसमोर ठरवल्याशिवाय मी असा प्रसंग करत नाही. दाब द्यायचाच नाही. धडपड मी दाखवणार, त्याचे हात नुसते टेकलेले.

प्रॉडक्शन

रबरी चाकू घेऊन धावणारा मुलगा शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिला आणि पोलीस आले. आम्ही फक्त घरमालकाची परवानगी घेतली होती. आता पोलिसांना आणि आजूबाजूच्या घरांना आधी लेखी कळवतो, आणि शॉट संपला की शस्त्र पेटीत.

एडिट

माझ्याकडे फुटेज आलं तेव्हा दार उघडताना होतं, हँडल फिरताना होतं, पावलं होती. ते ऐकणाऱ्या मुलीचा चेहरा कुठेच नव्हता. भीतीचं सगळं सामान होतं, पण भ्यायला कोणी नव्हतं. पुन्हा शूट करावं तर तिने केस कापलेले. हार्डडिस्क तीनदा धुंडाळली. शेवटी एका टेकच्या सुरुवातीला, ॲक्शन म्हणण्याआधी, ती दाराकडे बघत उभी असलेली सापडली. बाहेर कोणीतरी बोललं असावं. तिने मान किंचित वळवली आणि श्वास रोखला. ठरवून केलेलं काहीच नाही, चार सेकंदं जेमतेम. मी ती हँडलच्या शॉटनंतर लावली. तेव्हापासून कॅमेऱ्यावर कोणीही असो, मी एवढं मागून घेतो : ॲक्शनच्या आधी पाच सेकंदं आणि कटनंतर पाच सेकंदं रेकॉर्डिंग चालू राहू दे.